किरकोळ जखम आणि ग्लूटेनची धास्ती

सिलिॲक विकाराचे निदान झाले की घरातला प्रत्येक डबा संशयित ठरतो. हिंगाच्या डबीत मैदा निघतो, थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, ज्वारी दळून आणली तर त्याच गिरणीत आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो. ही सावधगिरी रास्तच आहे, कारण या विकारावर आयुष्यभराचे पथ्य हाच आजचा मान्य उपचार आहे. मात्र पुढे पुढे हा संशय ताटाबाहेरही पसरतो. विळीवर बोट कापते, मुलाचा गुडघा फुटतो, कुकरच्या वाफेने मनगट पोळते, आणि घरातले माणूस मलमाची ट्यूब हातात धरून थबकते. यात गहू तर नसेल? पट्टीचा गोंद कशाचा असेल? जखमेची पावडर म्हणजे स्टार्चच ना? प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते चुकीच्या वेळी आणि चुकीच्या जागी विचारले जातात. ग्लूटेनपासून जपायचे असते ते तोंड आणि घाणीपासून जपायची असते ती जखम. ही दोन कामे एकमेकांत मिसळली की दोन्ही बिघडतात. जखम धुवायला उशीर होतो, खात्रीच्या औषधाऐवजी स्वयंपाकघरातले काहीतरी तिच्यावर चेपले जाते, आणि दोन दिवसांनी ‘ताकद यावी म्हणून’ दिलेल्या पेयात जवाचे माल्ट आहे याकडे कुणाचेच लक्ष जात नाही.

असे म्हणण्याला आधार आहे तो हा विकार शरीरात कसा घडतो याचा. गहू, जव आणि राय या धान्यांतली ग्लूटेन प्रथिने पोटात पूर्ण पचत नाहीत. त्यांचे उरलेले तुकडे लहान आतड्याच्या अस्तरात पोहोचतात, तिथल्या एका विकराकडून त्यांच्यात बदल होतो, आणि ठरावीक जनुकीय ठेवण असलेल्या माणसांची प्रतिकारशक्ती त्या तुकड्यांना शत्रू समजून आतड्याच्याच अस्तरावर चाल करते. अन्नरस शोषणारे केसांसारखे बारीक उंचवटे त्यामुळे झिजून सपाट होतात. विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने गव्हाचा आणि या विकाराचा संबंध दाखवून दिला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हॉलंडमध्ये ब्रेड मिळेनासा झाला, तेव्हा त्याचे बालरुग्ण सुधारले आणि ब्रेड परत आल्यावर पुन्हा ढासळले. त्याचा प्रबंध १९५० सालचा आहे. म्हणजे अगदी सुरुवातीपासून पुरावा एकाच दिशेने बोट दाखवतो: काय खाल्ले आणि किती खाल्ले.

यातले ‘किती’ महत्त्वाचे आहे. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेले तर आतड्याला इजा होऊ शकते असे आढळले. रोज १० मिलिग्रॅमच्या आत राहिल्यास बहुतेक रुग्णांना धोका दिसत नाही, असे आजचे तज्ज्ञ मानतात. गव्हाच्या एका पोळीत साधारण दोन ग्रॅम ग्लूटेन असते, तेव्हा १० मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा दोनशेवा भाग. अन्नाच्या वेष्टणावर ‘ग्लूटेनमुक्त’ लिहिण्यासाठी आपल्याकडे आणि आंतरराष्ट्रीय मानकांतही किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तीही याच हिशेबातून आली. आता हाच हिशेब मलमाला लावून पाहू. बोटाच्या शेवटच्या पेरावर मावणारे मलम अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरते. जखमेच्या बहुतेक मलमांचा पाया पेट्रोलियम जेली आणि पॅराफिन हा असतो, म्हणजे खनिज तेलातून निघालेला; त्यात धान्याचा संबंधच नसतो. तरीही वादासाठी समजा, एखाद्या क्रीममध्ये गव्हाचे प्रथिन तब्बल एक टक्का आहे. मग त्या अर्ध्या ग्रॅमात ते पाच मिलिग्रॅम भरेल, आणि ते आतड्यापर्यंत पोहोचायला क्रीमचा सगळा लेप चाटून गिळावा लागेल.

यावर येणारा पहिला आक्षेप वजनदार आहे. धड त्वचेचे ठीक, पण जखम म्हणजे उघडे दारच की. तिथून ग्लूटेन थेट रक्तात शिरणार नाही का? खरचटलेल्या किंवा कापलेल्या जागेतून काही अंश आत जाऊ शकतो, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र किरकोळ जखमेतून जाणारे प्रमाण नगण्य असते, आणि सिलिॲकमधली इजा ज्या घडामोडींतून होते त्या आतड्याच्या अस्तरात, तिथे वारंवार येणाऱ्या ग्लूटेनमुळे घडतात. त्वचेवर लावलेल्या औषधामुळे आतड्याचे अस्तर झिजते असा भरवशाचा पुरावा पुढे आलेला नाही. याविरुद्ध हमखास सांगितले जाते ते २०११ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय परिषदेत मांडलेले उदाहरण. धान्याचे घटक असलेले लोशन अंगाला लावणाऱ्या एका रुग्ण तरुणीला पुरळ आणि पोटाचा त्रास झाला आणि लोशन बंद केल्यावर तो थांबला. पण एका रुग्णावरून कारण सिद्ध होत नाही. अंगाला लोशन फासणारे हात दिवसभरात कितीदा तरी तोंडाशी जातात, आणि त्या वाटेने पोटात काय गेले हे अशा नोंदीतून कळत नाही. या उदाहरणातून घ्यायचा असेल तर एकच सावध निष्कर्ष घेता येतो: अंगभर आणि रोज लावायच्या क्रीमचे घटक वाचावेत, आणि लावून झाल्यावर हात धुवावेत. कापलेल्या बोटावरच्या चिमूटभर मलमाची धास्ती त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल जातो, आणि तो मान्यच करायला हवा. जपानमध्ये चेहरा धुण्याचा एक साबण लाखो लोक वापरत होते. त्यात गव्हाच्या प्रथिनाचे विघटन करून घातलेले तुकडे होते. ते त्वचेतून आणि डोळ्यांच्या कडांतून शरीराच्या ओळखीचे झाले, आणि पूर्वी बिनघोर गहू खाणाऱ्या दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी जडली. काहींना नूडल्स किंवा ब्रेड खाल्ल्यावर जिवावर बेतणारी प्रतिक्रिया आली. २०११ साली तो साबण बाजारातून मागे घ्यावा लागला. तेव्हा त्वचेवर लावलेल्या गव्हाने कधीच काही होत नाही, हे विधान खोटे आहे. पण त्या लोकांना झाली ती ॲलर्जी होती, सिलिॲक नव्हे, आणि हे दोन आजार शरीराच्या वेगवेगळ्या यंत्रणांतून येतात. ॲलर्जीत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो, तेही काही मिनिटांत. सिलिॲकमध्ये आतडे हळूहळू झिजत जाते. म्हणून आपण गहू कशासाठी सोडला आहे, हे प्रत्येकाने डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावे. गव्हाची ॲलर्जी असलेल्याने गव्हाचे किंवा गव्हाच्या अंकुरतेलाचे घटक असलेले कोणतेही क्रीम जखमेवर लावू नये, आणि पट्टी बदलणाऱ्याला तसे आधीच सांगावे. एक धडा मात्र सर्वांसाठी आहे. ज्यांच्या फुटलेल्या त्वचेला शेंगदाण्याचे तेल असलेली क्रीमे लावली गेली, अशा लहान मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी अधिक आढळल्याचे ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००३ साली दाखवले. खायचा पदार्थ उघड्या त्वचेवर चोळणे हे ॲलर्जीला आमंत्रण ठरू शकते. म्हणजे कणीक, दूध, अंडे, बेसन यांना जखमेवर जागा नाही, आणि ग्लूटेन हे त्याचे सर्वांत लहान कारण आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते पाहू. आधी हात साबणाने धुवा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड किंवा गॉझ जखमेवर घट्ट दाबून धरा आणि मधेमधे उचलून न पाहता दहा ते पंधरा मिनिटे तसेच ठेवा. रक्त थांबले की नळाच्या वाहत्या पाण्याखाली जखम चांगली धुवा. साध्या जखमा पिण्यायोग्य नळाच्या पाण्याने धुतल्या तरी सलाइनच्या तुलनेत जंतुसंसर्ग वाढत नाही, असे अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा सांगतो. पाण्याची खात्री नसेल तर उकळून गार केलेले पाणी घ्या. कडेची त्वचा साबणाने धुवा, अडकलेली माती आणि खडे काढा. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा पाणी न मिसळलेले जंतुनाशक जखमेत ओतू नका. त्याने जंतूंबरोबर नव्याने वाढणाऱ्या पेशीही मरतात, आणि झोंबते म्हणजे गुण येतो हा निव्वळ समज आहे. मग पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या आणि स्वच्छ पट्टी बांधा. जखम उघडी ठेवून वाळू द्यावी, खपली धरली की झाले, असे आपल्याकडे सर्रास सांगतात. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवर केलेल्या प्रयोगात झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने आली, आणि आजची जखमांची शुश्रूषा याच निष्कर्षावर उभी आहे. पट्टी रोज, आणि भिजली किंवा मळली तर लगेच बदला. पट्टीच्या गोंदाची चिंता नको. आजच्या चिकटपट्ट्यांत ॲक्रिलिक किंवा रबराचा गोंद असतो. त्याखाली खाज सुटून त्वचा लाल झाली तर ती गोंदाची किंवा रबराची ॲलर्जी समजून कागदी पट्टी वापरा. जखमेवर भुरभुरायची अँटिबायोटिक पावडर बहुतेक किरकोळ जखमांना लागतच नाही. त्यातल्या निओमायसिनने पुष्कळांच्या त्वचेला ॲलर्जी होते, तेव्हा पावडरीतल्या स्टार्चचा प्रश्न पडण्याआधीच ती बाजूला ठेवता येते.

इथे घरगुती उपायांचा कैवार घेणारे विचारतील, आणि हळद? आजीपासून चालत आलेली हळदही सोडायची का? पुष्कळांना हळदीच्या पेटंटची लढाई आठवेल. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. ही अभिमानाची गोष्ट आहे, पण त्या निकालातून सिद्ध झाले ते एवढेच की हा उपयोग भारतात पूर्वापार माहीत होता, म्हणून तो नवा शोध ठरत नाही. डब्यातल्या हळदीने पाणी आणि पट्टीपेक्षा जखम चांगली भरते, असा तो निकाल नव्हता. हळदीतल्या कर्क्युमिनचे गुण प्रयोगशाळेत दिसले आहेत. मात्र स्वयंपाकघरातली पूड निर्जंतुक नसते, तिचे कण जखमेत अडकतात, आणि सुट्या हळदीत स्टार्चची किंवा शिशाच्या पिवळ्या रंगाची भेसळ सापडलेली आहे. कणीक तर याहून वाईट. रक्त थांबवायला पिठाची चिमूट दाबणे, गळू पिकावे म्हणून हळद आणि कणकेचे पोटीस बांधणे, भाजल्यावर पीठ भुरभुरणे हे उपाय ग्लूटेन खाणाऱ्यालाही घातकच आहेत. जंतूंना पीठ म्हणजे आयते अन्न. गळवाला स्वच्छ कापड कोमट पाण्यात बुडवून दिलेला शेक पुरतो, आणि भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडणे हाच सर्वांत चांगला प्रथमोपचार आहे. टूथपेस्ट, शाई, बर्फ, लोणी यांतले काहीही नको. ज्या घरात सिलिॲकचा रुग्ण आहे तिथे कणकेचे पोटीस टाळायला आणखी एक कारण आहे: ते बांधणाऱ्याचे हात, ते ठेवलेले भांडे आणि त्याचे सांडलेले तुकडे मागाहून ताटापर्यंत पोहोचू शकतात.

ग्लूटेन कुठून शिरते याचा शोध खरे तर इथेच घ्यावा लागतो. पहिली वाट हातांची. अमेरिकेत शाळकरी मुलांवर झालेल्या एका अभ्यासात, पिठाशी खेळून झाल्यावर हातावर राहणारे ग्लूटेन साबण आणि पाण्याने सर्वांत चांगले निघाले. जंतू घालवणारी सवयच ग्लूटेनही घालवते, ही सोयीची गोष्ट आहे. फक्त सॅनिटायझरने हे काम होत नाही, कारण तो जंतू मारतो पण पीठ तसेच ठेवतो. घरात कुणी कणीक मळत असेल तर त्याने आधी हात धुवावेत आणि मगच मुलाची पट्टी बांधावी. दुसरी वाट ओठांची. फुटलेले ओठ, तोंडाच्या कोपऱ्यातल्या चिरा, हिरडीची जखम यांवर लावलेले सगळे थोड्याफार प्रमाणात पोटात जाते. तिथे लावायचे बाम किंवा जेल घटक वाचूनच घ्यावे. अंगठा चोखणाऱ्या मुलाच्या बोटालाही हाच नियम. तिसरी वाट गिळण्याच्या औषधांची, आणि तिच्यात भीतीच्या मानाने धोका कमी आहे. गोळ्यांत भरणद्रव्य म्हणून बहुधा मक्याचा किंवा बटाट्याचा स्टार्च असतो. गव्हाचा असला तरी एका गोळीतून जाणारे ग्लूटेन अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असा अंदाज अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ च्या मसुद्यात दिला आहे. आपल्याकडे गोळीच्या पट्टीवर बहुधा मूळ औषधाचेच नाव छापलेले असते, तेव्हा दीर्घकाळ घ्यायच्या औषधाबद्दल उत्पादकाकडे विचारणा जरूर करावी. मात्र डॉक्टरांनी दिलेले अँटिबायोटिक या शंकेपायी मधेच सोडणे हा फार महागात पडणारा सावधपणा आहे. चौथी वाट मायेची. जखमी माणसाला शिरा, कणीक घातलेले डिंकाचे लाडू, माल्टचे पेय प्रेमाने दिले जाते, आणि मलमातून कधी गेले नसते त्याच्या शेकडो पट ग्लूटेन एका लाडवातून जाते.

एका त्वचारोगाबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण तिथे जखम आणि ग्लूटेन खरोखर एकमेकांशी बांधलेले असतात. कोपर, गुडघे आणि कुल्ल्यांवर दोन्ही बाजूंना सारख्याच, भयंकर खाजणाऱ्या बारीक फोडांच्या झुबक्यांना डर्मॅटायटिस हर्पेटिफॉर्मिस म्हणतात. लुई डूरिंग यांनी १८८४ साली त्याचे वर्णन केले. खाजवून त्या फोडांच्या जखमा होतात आणि त्या खरूज किंवा एक्झिमा समजून वर्षानुवर्षे मलमे बदलली जातात. हा सिलिॲकचाच त्वचेवरचा आविष्कार आहे. तो होतो खाल्लेल्या ग्लूटेनमुळे, त्यामुळे त्याचा उपचारही ताटातूनच सुरू होतो, जोडीला डॅप्सोन हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. या रुग्णांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आयोडीनने हे फोड चिघळू शकतात. म्हणून घरोघरी असलेले पोव्हिडोन आयोडीनचे तपकिरी औषध अशा फोडांवर त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लावू नये. इतर सिलिॲक रुग्णांना आयोडीनची ही अडचण नाही.

जखम लवकर भरत नसेल तर मलमातला गहू शोधण्यापेक्षा रक्ततपासणी करणे शहाणपणाचे. निदानाआधी वर्षानुवर्षे झिजलेल्या आतड्यातून लोह, जस्त, प्रथिने आणि ‘के’ जीवनसत्त्व पुरेसे शोषले गेलेले नसते. जस्त आणि प्रथिनांच्या अभावी जखम रेंगाळते, तर ‘के’ कमी पडले की साध्या कापण्यानेही रक्त लवकर थांबत नाही आणि अंगावर कारण नसता निळे डाग पडतात. पथ्य सुरू झाल्यावरही तांदूळ आणि साबुदाणा एवढ्यावरच भागवले तर ही उणीव भरून निघत नाही. मराठी स्वयंपाकघराला इथे फार दूर जावे लागत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी ही तिन्ही धान्ये मुळात ग्लूटेनमुक्त आहेत. फक्त ती निवडून घरच्या चक्कीवर किंवा गहू न दळणाऱ्या गिरणीत दळावीत. जोडीला डाळी, तीळ, शेंगदाणे, अंडी किंवा मासे, पालेभाजी आणि क जीवनसत्त्वासाठी आवळा किंवा पेरू असला की जखमेला लागणारे बहुतेक सगळे ताटात येते. काही सिलिॲक रुग्णांत प्लीहेचे काम मंदावलेले असते, त्यामुळे विशिष्ट जंतुसंसर्ग जोर धरू शकतात. जखमेबरोबर थंडी वाजून ताप आला तर त्यांनी वाट पाहू नये, आणि न्यूमोकॉकसच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारून ठेवावे.

घरगुती उपचाराची हद्द कुठे संपते, हे शेवटी स्पष्ट असावे. पंधरा मिनिटे दाबूनही रक्त थांबत नाही, जखम खोल आहे किंवा तिच्या कडा उघड्या राहतात, आत काच किंवा लोखंड रुतले आहे, बोट बधिर झाले आहे किंवा वाकत नाही, चेहरा, डोळा किंवा गुप्तांगापाशी भाजले आहे, लाली पसरते आहे, पू येतो आहे, यांपैकी काहीही दिसले तर दवाखाना गाठा. मधुमेह्याच्या पायाची कोणतीही जखम किरकोळ समजू नका. धनुर्वाताच्या लशीला दहा वर्षे होऊन गेली असतील, किंवा जखम मातीने किंवा शेणाने माखलेली असताना पाच वर्षे झाली असतील, तर ती पुन्हा घ्यावी लागते. कुत्रा, मांजर किंवा माकड चावले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा, तिच्यावर हळद, चुना, तिखट यांतले काही लावू नका, आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. ग्लूटेनमुक्त घरातल्या प्रथमोपचाराच्या डब्यात साबण, निर्जंतुक गॉझ, कागदी चिकटपट्टी, पेट्रोलियम जेली, छोटा चिमटा, कात्री आणि ‘सिलिॲक’ किंवा ‘गव्हाची ॲलर्जी’ यांपैकी नेमके काय ते लिहिलेली चिठ्ठी, इतके सामान पुरते. ते आजच जमवून ठेवा. मग जखम झाली की आधी ती धुवा. घटक वाचायची चिकाटी ओठांच्या बामासाठी, गिळायच्या औषधासाठी आणि ताटासाठी राखून ठेवा.